लहान गावातल्या शाळेचे कार्यक्रम आणि बातम्या: द्विशिक्षकी शाळेतला माझा अनुभव

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डोंगरातली पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा, पट १९, तुमची ही दुसरीच शाळा, खालच्या गावातून इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी रोज तुमच्या वाडीपर्यंत येते, आणि तुम्ही म्हणता की आम्ही वर्षभर एवढे उपक्रम घेतो, ग्रुपवर एवढे फोटो टाकतो, तरी गावात कुणाला विचारलं की शाळेत काय चाललंय तर लोक म्हणतात, चाललंय की, पोरं जातात येतात. मग कार्यक्रम कुठले घ्यावेत, बातमी कशी करावी, पेपरला कशी द्यावी आणि स्नेहसंमेलनाला पैसे कुठून आणावेत असं तुम्ही विचारलंय. मी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात आहे, २००१ साली शिक्षणसेवक म्हणून महिना ३००० रुपये मानधनावर लागलो आणि तेव्हापासून वाड्यावस्त्यांवरच आहे. चार शाळा झाल्या, एकीचाही पट ६० च्या वर नव्हता. त्यामुळे मोठ्या शाळेचं मला काही सांगता येणार नाही, लहान शाळेचं मात्र भरपूर सांगता येईल.

मी कुठलाही कार्यक्रम घेतला की एकच गोष्ट बघतो, संध्याकाळी पोरगं घरी जाऊन आईला, आजीला आपणहून काय सांगतं. आपणहून हं, आईनं विचारल्यावर नाही. ते जे सांगतं तीच शाळेची बातमी आणि तेवढाच तो कार्यक्रम गावात पोचला. बाकी बॅनर, हार, नारळ, फोटो, लिंक हे वरती कळवायला लागतं म्हणून करायचं, त्याला माझी ना नाही, आपली नोकरी आहे. पण त्यानं गावाला काही कळत नाही, कारण त्यात गावाचं पोरगं कुठंच नसतं.

सुरुवात परिपाठापासून करा कारण तिथं एक पैसा लागत नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. बहुतेक शाळांत काय होतं, चौथीतलं पोरगं सरांच्या मोबाईलवरून उतरवून घेतलेल्या तीन ओळी वाचतं, शेअर बाजाराचा निर्देशांक, कुठल्यातरी देशाच्या पंतप्रधानांचा दौरा आणि क्रिकेटचा निकाल. वाचणाऱ्याला कळत नाही, पहिलीतल्याला तर नाहीच नाही. मीही पाच-सहा वर्षं हेच करत होतो. एकदा जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला, पेपर वर आलाच नाही, रेंजही गेलेली, तेव्हा मी म्हटलं आज ज्याला जी बातमी माहिती आहे ती त्यानं सांगायची. कोणी बोलेना. मग दुसरीतली एक मुलगी, जी वर्गात विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमची म्हस रातच्याला याली. रेडी झाली. पप्पा मुंबईला हायती म्हणून बॅटरी मी धरली." झालं, सगळी पोरं तिच्याकडं वळली. किती वाजले होते, रेडी उभी राहिली का, खरवस कधी आणणार, आजीनं काय केलं, आणि ती एकेकाला नीट उत्तर देत होती. पाच-सात मिनिटं ती बोलली. मी तिला त्याआधी कधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून नियम केला, एक बातमी पेपरातली, ती मी सोप्या भाषेत सांगणार, आणि दोन बातम्या वाडीतल्या, त्या पोरांनी आणायच्या. कोणाची, कुठं, कधी, कशी, आणि तू स्वतः बघितलंस का कुणी सांगितलं, एवढं सांगता आलं पाहिजे. बोलताना म्हस म्हणाली तर म्हस, तिथं टोकायचं नाही, लिहायची वेळ आली की फळ्यावर म्हैस लिहून दाखवायचं, पोरं दोन्ही भाषा शिकतात. एक काळजी मात्र घ्या. पोरं घरातली भांडणंही आणतात, कोण दारू पिऊन आलं, कुणी कुणाला मारलं. तिथं वर्गात पुढं बोलू द्यायचं नाही आणि गप्प बस असंही म्हणायचं नाही, "हे तू मला मधल्या सुट्टीत सांग" म्हणायचं आणि मधल्या सुट्टीत खरोखर ऐकायचं. मला दोनदा अशा बातमीतून पोराच्या घरचं फार अवघड काहीतरी कळलं आणि वेळेत कळलं.

परिपाठातली बातमी गावात न्यायची तर त्यासाठी फलक हवा. शाळेच्या आत नको, तिथं आपण सोडून कोण वाचतंय. आमच्याकडं एसटीच्या थांब्याच्या शेडमध्ये आतल्या भिंतीवर साधारण तीन बाय चार फुटांचा चौकोन काळ्या रंगानं रंगवून घेतला, रंग ग्रामपंचायतीनं दिला. मंगळवारी आणि शनिवारी तिसरी-चौथीची दोन पोरं तिथं जाऊन खडूनं लिहितात. आधी कच्च्या वहीत लिहून मला दाखवतात, चुका तिथं दुरुस्त, फलकावर मी हात लावत नाही, अक्षर कसंही येवो. खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि इयत्ता. आठवड्याला चार-पाच ओळी बास झाल्या. "पहिलीतल्या तिघांना आता स्वतःचं पूर्ण नाव लिहिता येतं." "शाळेच्या परसबागेतल्या दोडक्याची भाजी बुधवारी पोषण आहारात झाली." "ग्रंथालयातलं एक पुस्तक हरवलं आहे, सापडल्यास द्यावे." अशा. यातली पहिली ओळ लागली त्या दिवशी त्या तिघांच्या आया थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या, एकीला वाचता येत नाही, तिनं दुसरीकडून वाचून घेतलं.

पण खरं सांगायचं तर लोकांना फलकाकडं वळवलं ते पावसानं. आमचा भाग कोयनेच्या पाणलोटातला, जून ते सप्टेंबर बोलायला दुसरा विषय नसतो. पोरांनी पर्जन्यमापक बनवला, सरळ कडेची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा म्हणजे नरसाळं होतं, बाहेरून पट्टी चिकटवायची. बाटली सरळच पाहिजे, मधे बारीक किंवा खाली फुगीर असली की आकडा चुकतो, आणि बुड आतून सपाट नसेल तर आधी थोडं पाणी भरून तिथून शून्य धरायचं. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं म्हणून आपणही साडेआठलाच, शाळेशेजारी ज्याचं घर आहे त्या पोरावर ती जबाबदारी, रविवारीसुद्धा. मोठ्या पावसात बाटली भरून वाहते, अशा वेळी रात्री झोपताना एकदा मोजून ओतून द्यायची आणि सकाळच्यात मिळवायची. ती बेरीज पोरं कधी विसरत नाहीत. फलकावर बाकीच्या ओळी आठवड्यातून दोनदा बदलतात पण पावसाचा आकडा रोज. शेतकरी माणसं सकाळची एसटी धरायला आली की आधी तो आकडा बघतात, आणि वाडीतले मुंबईला असलेले लोक ग्रुपवर विचारतात की आज पोरांनी किती मोजला. चौथीतल्या पोराचा आकडा आख्खी वाडी खरा धरते, ही त्या पोरासाठी केवढी मोठी गोष्ट आहे बघा.

आता कार्यक्रम कुठले. तुम्ही जी यादी दिलीय ती सगळ्यांचीच आहे, जयंत्या, पुण्यतिथ्या, दिन, सप्ताह, पंधरवडे. २६ जूनला शाहू महाराज, १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, एकही सोडायचा नाही, पण सगळ्यांना गाव बोलवायचं नाही. ते परिपाठात दहा मिनिटं मनापासून करा, एक पोरगं त्या माणसाविषयी एकच गोष्ट सांगेल, पण ती पाठ केलेली नको, समजलेली हवी. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" हे म्हणता म्हणता पोराचा घसा कोरडा पडतो आणि पुढचं विसरतं, त्यापेक्षा सरळ विषयाला हात घालू द्या. गावाला बोलवायचे कार्यक्रम वर्षात पाचच ठेवा, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी सोडून. माझे पाच म्हणजे जूनमधला प्रवेशाचा दिवस, आषाढीची दिंडी, ७ नोव्हेंबर, बाजार आणि यात्रेतलं संमेलन. प्रवेशाचा दिवस आणि दिंडी तुम्ही करताच, त्यावर जास्त लिहीत नाही, फक्त दिंडीत आमच्याकडं पाऊस हमखास असतो तेव्हा विठ्ठल-रखुमाई केलेल्या लेकरांना भिजत उभं करून फोटोसाठी थांबवू नका, आजारी पडतात.

७ नोव्हेंबरवर मात्र जरा थांबतो. १९०० साली त्या तारखेला बाबासाहेबांनी साताऱ्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश घेतला, तिथल्या रजिस्टरात १९१४ क्रमांकाला त्यांची नोंद आहे. राज्यात २०१७ पासून हा विद्यार्थी दिवस आहे. पहिली काही वर्षं मी भाषणं आणि निबंध घ्यायचो. मग मनात आलं की त्यांच्या शाळेत त्यांची नोंद जपलीय तशी आपल्याही शाळेत या पोरांच्या आजोबांची आहेच की. कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं. आमच्या शाळेतल्या पहिल्या नोंदी पन्नासच्या दशकातल्या, निळ्या शाईनं, बोरूसारखं वळणदार अक्षर. आधी मी एकट्यानं बसून सगळं बघितलं, जातीच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवली, ती पोरांपुढं उघडायची गरज नाही. मग एकेका पोराला जवळ घेऊन त्याच्या आजोबांचं नाव शोधायला लावलं. बोट ओळीवरून सरकवत सरकवत नाव सापडलं की पोरगं उड्या मारायला लागायचं. आणि मग तिसरीतल्या एकानं विचारलं, "सर, माझं आजोबा, ह्याचं आजोबा आणि सरपंचाचं वडील सगळे १ जूनलाच कसं जन्मलं?" आता आपल्याला माहिती आहे की त्या काळी जन्माची नोंद नसली की गुरुजी १ जून लावायचे, पण पोरांना ते ऐकून एवढं नवल वाटलं की त्यांनी घरी जाऊन सगळ्या म्हाताऱ्या माणसांना तुमचा खरा जन्म कधीचा म्हणून विचारायला सुरुवात केली. कुणी म्हणालं पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, कुणी म्हणालं भात लावणीचा, एक आजी म्हणाल्या आम्हा पोरींपैकी कुणाला शाळेतच घातलं नाही बघ बाळा, माझं नाव तुला त्यात मिळायचं नाही. ते ऐकून आलेल्या पोरीनं दुसऱ्या दिवशी परिपाठात जसंच्या तसं सांगितलं. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. पुढं ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही त्या आजींनाच शाळेत बोलावलं आणि हजेरी घेताना त्यांचं नाव पुकारलं, त्या उभ्या राहून हजर म्हणाल्या.

(७ नोव्हेंबर कधी कधी दिवाळीच्या सुट्टीत येतो, तेव्हा सुट्टी संपल्यावर घ्या. आणि रजिस्टर कुणाच्या हातात देऊ नका, त्याचा सगळ्या पानांचा फोटोही ग्रुपवर टाकू नका. ते कायमचं दप्तर आहे, त्यात लोकांची खाजगी माहिती आहे. ज्याला स्वतःची नोंद बघायचीय त्यानं शाळेत यावं. आमच्याकडं मेमध्ये सुट्टीला आलेले मुंबईकर येऊन बघून गेले.)

असंच ११ डिसेंबरचं. १९६७ साली पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, आमच्या भागातल्या साठीपासष्टीच्या पुढच्या माणसाला तो आठवतो. चौथीची पोरं वही घेऊन दोन-दोन घरं करतात आणि त्या पहाटे तुम्ही कुठं होता, काय पडलं, कुणी बाहेर काढलं हे विचारून लिहून आणतात. त्याच दिवशी मग भूकंप आला तर वर्गातून कसं बाहेर पडायचं याची तालीम. नुसती तालीम घेतली तर पोरं हसतात, आदल्या दिवशी आजीकडून ऐकलेलं असलं की हसत नाहीत. तुमच्या गावाचं असं काहीतरी असणारच, पूर असेल, धरणात गेलेलं जुनं गाव असेल, दुष्काळातलं रोजगार हमीचं काम असेल. ते शोधा.

बाजार सगळ्या शाळा भरवतात, आनंद मेळावा म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी काय होतं की आया वडे, भेळ, इडली करून देतात आणि पोरं नुसती मागं उभी. आम्ही शिजवलेलं बंद केलं. घरचं किंवा रानातलं पिकलेलं आणायचं, पावटा, घेवडा, शेवगा, कढीपत्ता, आवळे, चिंचा, अंडी. तराजू खराखुरा, वजनं खरी. एका वर्षी तिसरीतल्या मुलीनं पावट्याच्या शेंगा आणल्या, १० रुपये पाव. एक काका आले, अर्धा किलो द्या म्हणाले आणि मुद्दाम ५० ची नोट दिली. ती दोन मिनिटं नोटेकडं बघत राहिली, बोटं मोजली, मी लांबून बघत होतो, जवळ गेलो नाही, तिची आई यायला लागली तिलाही हातानं थांबवलं. मग तिनं शेजारच्या आवळेवाल्या पोराकडून सुट्टे घेतले आणि ३० रुपये परत दिले. दुसऱ्या दिवशी तिची बातमी फलकावर होती, "मी ८५ रुपयांच्या शेंगा विकल्या. आई म्हणाली बियाणं आणि औषधाचे ३० गेले. मग मला ५५ राहिले. पण आईने पाणी घातले त्याचे पैसे धरले नाहीत." ही चौथी ओळ मी लिहायला सांगितली नव्हती. एसटी थांब्यावर ती वाचून एक बाप्या माणूस मला म्हणाला, गुरुजी, पोरीनं हिशोब आमच्यापेक्षा बरा घातला.

आता फोटोंबद्दल, कारण यात मी स्वतः चुकलोय. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका दात्यानं दप्तरं आणि बूट दिले. कार्यक्रम केला, एकेका पोराला पुढं बोलावून दप्तर देतानाचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. रात्री साडेनऊला मुंबईहून एका पालकाचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "गुरुजी, इथं खोलीवर आम्ही आठ जण राहतो, सगळे एकाच गावचे, सगळ्यांनी फोटो बघितला. माझ्या पोराला दप्तर घ्यायची ऐपत आहे ओ माझी. मेमध्येच घेऊन ठेवलं होतं." मला काही बोलता आलं नाही. मी माफी मागितली, फोटो काढून टाकला पण तो आठ जणांनी बघितलेलाच होता. त्यानंतर मी हात पसरलेल्या पोराचा फोटो कधी काढला नाही. देणगी आली तर वस्तू टेबलावर मांडून दात्याचा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा फोटो, पोरांचा फोटो नंतर कधीतरी, त्याच दप्तरातून पुस्तक काढून वाचताना. जेवतानाचे जवळून फोटो नकोत, तपासणीचे, गोळ्या देतानाचे, कुणाचं वजन कमी भरलं त्याचे नकोत. फाटका गणवेश, शेंबूड, अनवाणी पाय दिसत असतील तर तो फोटो आपल्याकडंच ठेवा. वरून मागणी आली तर पाठीमागून काढलेला वर्गाचा फोटो चालतो, मी तोच देतो आणि आजवर परत आलेला नाही.

आणि पालकांची लेखी संमती घ्या, जूनच्या पालकसभेत एका कागदावर, कुठल्या ग्रुपवर टाकणार, पेपरला देणार का, सगळं स्पष्ट लिहून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे, पण कायदा नसता तरी विचारायला हवंच होतं. आमच्याकडं दोन पालक नको म्हणाले, त्यांची पोरं कार्यक्रमात असतात, फोटोत नसतात, पोरांना त्यात वेगळं वाटू नये म्हणून फोटोच्या वेळी मी त्यांना हळूच काहीतरी काम देतो. सगळ्यांना दिसेल अशा फेसबुक पेजवर पोराचं पूर्ण नाव, वाडी आणि चेहरा एकत्र टाकू नका.

पेपरची बातमी. तालुक्याच्या वार्ताहराला आपण जे पाठवतो ते साधारण असं असतं, अमुक शाळेत बाल आनंद मेळावा उत्साहात संपन्न, अध्यक्षस्थानी हे, प्रमुख पाहुणे ते, मग सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, समितीचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका, सूत्रसंचालन यांनी केले, आभार त्यांनी मानले. दीडशे शब्दांत वीस नावं आणि त्यात एकही पोर नाही. वार्ताहराचाही दोष नाही, त्याला रोज अशा दहा येतात, तो कापून तीन ओळी करतो. त्याऐवजी असं पाठवून बघा: "तिसरीतल्या मुलीने आईच्या शेतातल्या पावट्याच्या शेंगा विकून ८५ रुपये मिळवले आणि बियाण्याचा खर्च वजा जाता ५५ रुपये नफा झाल्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी गावातल्या फलकावर लिहिला. वाडीवरच्या या लहान शाळेत मुलांनी भरवलेल्या बाजारात केवळ घरचा शेतमाल होता. तराजू, वजने आणि सुट्टे पैसे मुलांनीच सांभाळले." मग शेवटच्या ओळीत सरपंच आणि केंद्रप्रमुख उपस्थित होते. त्यांना राग येत नाही हो, मला भीती वाटायची पण आला नाही, आमच्या सरपंचांनी ती बातमी स्वतःच्या स्टेटसला ठेवली होती. शंभर-सव्वाशे शब्द, एकच फोटो, त्यात पोरं काहीतरी करताना, रांगेत उभी नकोत, आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी चारच्या आत पाठवा, दोन दिवसांनी पाठवलेली बातमी कुणी घेत नाही. वर्षात चार पाठवा, चाळीस नको.

संमेलनाचं. आमच्याकडं ग्रामदैवताच्या यात्रेला सगळे मुंबईकर येतात, म्हणून आम्ही संमेलन यात्रेच्या आदल्या संध्याकाळी ठेवलं, मंडप आणि लाईट यात्रेचीच असते, अर्धा खर्च तिथंच वाचला. भाड्याचे ड्रेस बंद केले, कारण दोन मुलं असलेल्या मजुरी करणाऱ्या आईला ते परवडत नाही आणि ती तसं बोलतही नाही, पोराला त्या दिवशी घरीच ठेवते. घरचंच नऊवारी, धोतर, फेटा. सिनेमातली गाणी कमी केली. आता मुख्य कार्यक्रम असतो तो वर्षाच्या बातम्यांचा, पोरं फलकावर लागलेल्या बातम्यांतल्या दहा-बारा निवडून त्या करून दाखवतात, म्हैस व्यालेली, शेंगांचा बाजार, पावसात एसटी न आलेली. पहिलीपासून चौथीपर्यंत प्रत्येक पोर स्टेजवर असतंच, बोलायचं नसलं तरी बॅटरी धरायला असतं. मुंबईकरांना हे फार आवडतं, कारण आपण नसताना वाडीत काय काय झालं ते त्यांना बघायला मिळतं. पैसे येतात त्याची पावती समितीच्या नावानं, रोकड एकट्यानं कधी हाताळायची नाही, आणि आठ दिवसांच्या आत जमाखर्च त्याच एसटीच्या फलकावर. उरलेले ६४० रुपये असतील तर ६४० लिहा. माझ्या मते पुढच्या वर्षी पैसे मागायला जायची वेळ येत नाही ती यामुळंच.

वेळ कसा काढता असं तुम्ही विचारलंत, दोनच शिक्षक, त्यात ऑनलाईन माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, निवडणुकीचं काम. खरं सांगू, फलकाला माझी आठवड्यातली वीस मिनिटं जातात, वह्या तपासतानाच ती कच्ची वही बघतो, ते मराठीच्या लेखनातच धरतो. मोठ्या कार्यक्रमाला मात्र आठ दिवस जातात, म्हणूनच पाच म्हटलं.

पिवळ्या गाडीचं. फलकामुळं गाडी बंद होईल असं मी सांगणार नाही, आमच्याकडं अजून येते. आमचा पट वाढला नाही, पण कमीही झाला नाही, आणि एक पोरगं तिसरीत परत आलं. दुसरा फरक मला जास्त मोलाचा वाटतो. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका ठेवल्यात, पण आधी आमच्या बैठकीत आया येऊन सही करून जायच्या. आता त्या विचारतात, पहिलीतल्या तिघांना नाव लिहिता येतं असं फलकावर होतं, मग चौथ्याचं काय. असा प्रश्न आला की मला बरं वाटतं, उत्तर द्यायला अवघड जातं तरीसुद्धा.

तुम्ही सोमवारी परिपाठात एवढंच विचारा की वाडीत काल काय झालं. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही, थांबा, दुसऱ्या दिवशी परत विचारा. आणि आज घरी जायच्या आधी कपाट उघडून जुनं जनरल रजिस्टर कुठल्या फळीवर आहे ते बघा. खालच्या फळीवर असेल तर वर ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून. डोंगरातल्या शाळेत भिंतीला ओल येते, आमची १९७० च्या आसपासची सहा-सात पानं अशीच गेली, आणि त्या पानांवरचे आजोबा दर ७ नोव्हेंबरला पोरांना सापडत नाहीत.